'सिकलसेल असेल तर मलेरिया होत नाही' : हा मेसेज पुढे पाठवू नका

सध्या एक मेसेज फिरतो आहे: 'ज्यांच्या रक्तात सिकलसेल आहे त्यांना मलेरिया होत नाही. ज्या समाजांत सिकलसेल आहे त्यांना निसर्गानेच कवच दिलंय, त्यांना मच्छरदाणी आणि गोळ्यांची गरज नाही.' यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून तो जास्त घातक आहे.

'ज्यांच्या रक्तात सिकलसेल आहे.' म्हणजे नेमके कोण? सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक दोष. त्याचं जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलं तर माणूस वाहक (एएस) असतो, दोघांकडून आलं तर रुग्ण (एसएस). मलेरियात जो फायदा दिसतो तो वाहकाला. रुग्णाचं अगदी उलट आहे. त्याचं हिमोग्लोबिन बहुधा आधीच ६ ते ९ ग्रॅमच्या घरात असतं आणि प्लीहा लहानपणीच निकामी होत आलेली असते. त्यात मलेरियाने तांबड्या पेशी फुटू लागल्या की रक्त झपाट्याने उतरतं. 'आपल्याला मलेरिया होत नाही' या भरवशावर एसएस मुलाच्या तापाची तपासणी दोन दिवस लांबली, तर ते जिवावर बेतू शकतं.

वाहक की रुग्ण, हे सॉल्युबिलिटी चाचणी (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे का, एवढंच पाहणारी पहिली चाचणी) सांगत नाही. ती दोघांतही पॉझिटिव्ह येते. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात सॉल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, कारण तेव्हा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीचा अहवालही फसवतो.

'मलेरिया होत नाही.' होतो. वाहकाला डास चावतो, परजीवी रक्तात शिरतात, रक्तपट्टीवर दिसतात. कमी होतो तो गंभीर आजार: मेंदूचा मलेरिया, तीव्र रक्तक्षय. आफ्रिकेतल्या अभ्यासांत ही घट सुमारे ९० टक्के दिसली आहे आणि ती मोठीच आहे. ऑक्सिजन कमी असलेल्या जागी वाहकाच्या पेशींत परजीवीची वाढ खुंटते, बाधित पेशी लवकर विळ्यासारखी वाकते आणि प्लीहा ती गाळून टाकते. शिवाय अशा पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना कमी चिकटतात. पण हे आकडे फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीचे आहेत, ते व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीला लावता येत नाहीत. आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच नसते. केनियाच्या किनारपट्टीवरच्या २००५ च्या अभ्यासात, सिकलसेलसोबत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा दोषही वारशाने आलेल्या मुलांत हा फायदा जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. एकच जनुक बघून माणसाचा धोका सांगता येत नाही तो यामुळेच.

'समाजाला कवच.' साधा हिशेब करा. प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात. एखाद्या समाजातल्या अशा सगळ्या प्रतींपैकी १० टक्के सिकलसेलच्या असतील, तर ढोबळमानाने १८ टक्के वाहक, १ टक्का रुग्ण आणि ८१ टक्के लोक जनुकाशिवायचे. म्हणजे मच्छरदाणी काढून घेतली तर पाचांतले चार जण उघडे पडतात. शिवाय हे जनुक जातीचं किंवा वर्णाचं लक्षण नाही. शास्त्रज्ञ ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं ते एवढंच, की जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे ते टिकलं. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, भारत, सगळीकडे ते सापडतं.

'गोळ्यांची गरज नाही.' वाहकाला मलेरिया झाला तर पूर्ण उपचार लागतात. जनुकांचा विचार करायचाच तर तो इथे, औषध निवडताना करावा. व्हायव्हॅक्सच्या यकृतात दडलेल्या अवस्थेसाठी प्रायमाक्वीन देतात, दर किलो वजनामागे रोज ०.२५ मिलिग्रॅम, १४ दिवस. ज्यांच्यात जी६पीडी हे एन्झाइम वारशानेच कमी आहे, त्यांच्या तांबड्या पेशी या डोसने फुटू शकतात. अशांना बहुधा आठवड्यातून एकदा ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो, असे ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

जी६पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्यामुळे एकच सदोष प्रत असलेल्या स्त्रीची जी६पीडीची साधी रंगबदल चाचणी 'नॉर्मल' येऊनही तिच्यात एन्झाइम अपुरं असू शकतं. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर चाचणी कुणाचीही खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण रक्तात तेव्हा नव्या पेशी जास्त असतात आणि त्यांच्यात एन्झाइम जास्त असतं. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी.