सात किलो कुंदा

मंगळवारी सकाळी आमच्या फाटकात उभं राहून एका भंगारवाल्यानं माझ्या कलाकृतीचा किलोवर भाव केला. आज शुक्रवार. अजून जेवण गोड लागत नाही.

कलाकृती म्हणजे कुंड्यांचा स्टँड. एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेजचा, वीस फुटांची आख्खी लांबी. दोन पायऱ्या, चार पाय. मी स्वतः परसात बसून वेल्डिंग मारून केलेला. जन्म बँकेत गेला, लोखंडाशी संबंध तिजोरीपुरता. खरं तर हे करायची हौस मला नव्हती. बेळगावात टिळकवाडीपासून उद्यमबागेपर्यंत तीन फॅब्रिकेशनवाल्यांना विचारलं, तिघंही म्हणाले, "उद्या येतो की." ते उद्या तीन आठवडे चाललं. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतून ओतलेलं लोखंड कुठल्या कुठे जातं, आणि एका पेन्शनराच्या स्टँडच्या चार पायांना वेल्डिंगचे टाके घालायला गावात कुणाला सवड नाही. छोटं काम घेऊन गेलं की समोरचा असा बघतो, जणू आपण हातउसने मागायला आलोय.

म्हणून वेल्डिंगचं इन्व्हर्टर मशीनच आणलं. दोनशे अँपिअरचं, खांद्याला अडकवून नेण्याजोगं. आमच्याकडे 1956 पासून पाटी कानडीत की मराठीत यावर भांडण चालू आहे; मशीनसोबतची पुस्तिका चिनीत निघाली. घरात पहिल्यांदाच भाषेवरून एकमत झालं. कुणालाच काही कळलं नाही.

रॉड, म्हणजे वितळून टाका भरणारी मसाला लावलेली काडी, आणायला गेलो, तर दुकानातला पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "कुठला पण चालतोय." दहा गेजचा, जाडा दिला. एकशे दहा अँपिअरवर ठेवला तर पाइपला भोक. सत्तरवर आणला तर रॉड घोरपडीसारखा चिकटे. होल्डर ओढला की आख्खा स्टँड मागे येई. ठिणगी नेमकी कुठं पडते ते बघायला मी दोन-चारदा डोळ्यांपुढची काळी काच बाजूला केली. त्याचं बिल रात्री दोनला आलं. डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. बायकोनं बटाट्याचे काप ठेवले, सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले, आणि दोघांनीही एकच प्रश्न विचारला, "कुणी सांगितलं होतं?"

तर मंगळवार. स्टँड रंगासाठी फाटकाजवळ ठेवलेला. भंगारवाल्यानं सायकल लावली.

"हे घालायचं हाय काय, सर?"

"ते भंगार नाही, अण्णा. स्टँड आहे. नवीन."

"हौदा?" कानडीत 'हो का?' म्हणत तो उकिडवा बसला. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून एका टाक्यावरची काळी खपली उडवली. आत पोकळ. दुसरी उडवली. तिथं पण पोकळ. मग माझ्याकडे दयेनं बघून म्हणाला, "सर, ही वेल्डिंग न्हाय. कुंदा हाय."

कुंदा म्हणजे आमची दूध आटवून केलेली मिठाई. बेळगावच्या माणसाला तिची उपमा अपमान म्हणून दिली जाईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. पुण्याच्या पाहुण्याला आम्ही कुंद्याचा पुडा दोन्ही हातांनी देतो. पण टाक्याकडे बघितलं, तर रंग तोच, रवाळपणा तोच. प्रतिवाद सुचेना.

"रॉड कुठं ठेवलासा?"

"परसात. पत्र्याखाली."

"ह्या पावसात? बिस्किटाचा पुडा ठेवतासा काय तिथं? मसाला ओला झाला की टाका फेस धरतोय. आणि अर्थिंग?"

"इथं, पायाला."

"ह्या गंजावर? करंट म्हंजे काय पावणा हाय काय सर, दार न उघडता आत यायला? घासून पांढरं लोखंड काढा, मग चिमटा लावा. पातळ पाइपला बारा गेजचा बारीक रॉड आणा. साठ-सत्तरवर ठेवा. काडेपेटी वढल्यागत वढायचा, पेटला की रॉडच्या जाडीएवढंच अंतर. लांब गेला की थुंकतोय, जवळ गेला की चिकटतोय. सासुरवाडीगत."

हजारो रुपयांचं मशीन, रात्र-रात्र बघितलेले व्हिडिओ, डॉक्टरांची फी. एवढ्यातून जे कळलं नाही ते हा माणूस सायकलच्या स्टँडवर पाय ठेवून फुकट सांगत होता. चिडायला सुद्धा धड जागा ठेवली नाही.

"तुम्हाला कसं माहीत?"

"धा वर्षं हेल्पर होतो. काच एकच, ती मिस्त्रीच्या हातात. आम्ही जॉब धरायचा आणि तोंड फिरवायचं." एवढं बोलून त्यानं ताणकाटा काढला, माझा स्टँड त्याला अडकवला आणि उचलला. "सात किलो. लोखंडाचा भाव देतो, खरं किलोमागं दोन रुपये कमी."

"कमी का?"

"टाक्यातला मसाला पण वजनात येतोय की. तुमचा मसाला जास्त हाय."

हा दोन रुपयांचा मुद्दा मला अजून बोचतो. आख्खा स्टँड भंगार म्हटलास, ठीक; पण भंगारातही दुय्यम?

मी "विकायचा नाही" असं जरा मोठ्यानं म्हणालो. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता नवऱ्याची बाजू घेईल. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "अण्णा, काटा बरोबर आहे न्हवं तुमचा?"

काल बारा गेजचे रॉड आणले. उन्हाचा पत्ता नाही म्हणून देवघराशेजारी कोरड्या डब्यात ठेवलेत. त्यावरून वेगळं भांडण चालू आहे. स्टँडवर सध्या एकच कुंडी आहे, तीही रिकामी, आणि डावा मागचा पाय जमिनीला टेकत नाही. भंगारवाला रोज साडेनऊला गल्लीतून जातो. बाकी घरांपुढं नुसता ओरडतो. आमच्या फाटकापाशी आला की सायकलवरून उतरतो.