‘वजन मोजू नका, बाळसं आपोआप उतरतं’ हे कितपत खरं?

पालकांच्या गटांमध्ये एक मजकूर सतत फिरतो. त्याचं सार असं: गुटगुटीत मूल उंच झालं की बाळसं उतरतं, मूल जाड होतंय का हे आईवडिलांना दिसतंच, आणि शाळेत वजन केल्याने मुलं फक्त खट्टू होतात. यातल्या तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिले दोन मात्र मुलांचं नुकसान करतात.

‘उंची वाढली की उतरतं.’ तान्हेपणीचं बाळसं उतरतं, हे खरंच. पहिल्या वर्षानंतर बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) घसरत जातो, साधारण ५-६ वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि पुन्हा चढू लागतो. त्यानंतर साठणारी जादा चरबी म्हणजे बाळसं नव्हे. लठ्ठ किशोरवयीनांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही लठ्ठ राहतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळलं आहे.

एक उदाहरण मांडून पाहा. मुलगा ७ वर्षांचा, १२० सेंमी, २३ किलो: बीएमआय १६.०. आठव्या वर्षी १२५ सेंमी, २७.५ किलो: १७.६. नवव्या वर्षी १३१ सेंमी, ३४ किलो: १९.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्यांची जादा वजनाची रेषा आठव्या वर्षी १७.४, नवव्या वर्षी १७.९ आहे. म्हणजे उंची छान वाढत असतानाच त्याने आठव्या वर्षी रेषा ओलांडली, तीही जेमतेम. आता याचं वजन वर्षभर ३४ किलोवरच राहिलं आणि उंची १३६ झाली, तर बीएमआय १८.४ होतो, दहाव्या वर्षाची रेषा १८.५ आहे. एक किलोही न घटवता मूल रेषेखाली आलं! उंची मदत करते ती अशी, वजन थोपवलं तरच. त्यासाठी वाढ वेळेत कळायला हवी.

‘दिसतंच की.’ नाही दिसत. रोज डोळ्यांसमोर असलेल्या मुलात वर्षाला दोन किलोची जादा भर लक्षात येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वजन वाढतंय पण उंची थबकली आहे, हे नोंदीशिवाय कळणं कठीण. अशा वेळी हार्मोनची तपासणी लागू शकते.

दर सहा महिन्यांनी मोजलं की पुरे. दर आठवड्याला मोजलं तर पोटातल्या अन्नपाण्याचाच चढउतार दिसतो. काटा तोच, टणक जमिनीवर, आधी शून्यावर आणलेला. कपडे हलके, खिसे रिकामे. उंचीला जास्त जपा, कारण तिचा वर्ग होतो. अनवाणी, केस मोकळे, टाचा भिंतीला, नजर सरळ, डोक्यावर काटकोनात सपाट फळी. वरच्या आठ वर्षांच्या मुलाची उंची बुटांसकट १२७ भरली, तर बीएमआय १७.१ येतो आणि ओलांडलेली रेषा लपून जाते. वय वर्षं आणि महिन्यांत लिहा. मुलींचा तक्ता वेगळा असतो.

‘शाळेत मोजल्याने मुलं खट्टू होतात.’ होतात. कॅलिफोर्नियातल्या शाळांमधल्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, अहवाल नुसता घरी पाठवल्याने मुलांच्या वजनात फरक पडला नाही. उलट शाळेत वजन झालेल्या मुलांमध्ये वजनाबद्दलची नाराजी वाढली. म्हणून मोजणं पडद्याआड व्हावं, आकडा मोठ्याने वाचू नये, वर्गात तुलना नको. पालकांना बंद पाकिटात मागच्या नोंदींसकट आलेख द्यावा आणि पुढे कुणाला भेटायचं तेही लिहावं. घरी त्या एकट्या मुलाच्या ताटावर पहारा नको. गोड पेयं, झोप आणि स्क्रीनचे नियम घरातल्या सगळ्यांना सारखेच लावा.