‘साखर-दूध बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल’ : या मेसेजला माझे उत्तर

मेसेज तुमच्याकडेही आलेला असेल. त्यात म्हटले आहे की साखर, दूध, गहू आणि तांदूळ बंद केले की कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात. सकाळी गरम पाण्यात लिंबू आणि खायचा सोडा घेतला की रक्त अल्कलाइन होते, आणि तशा रक्तात कॅन्सर जगत नाही. हे शोधून काढणाऱ्या ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला म्हणे १९३१ मध्ये नोबेल मिळाले. कडुलिंब, हळद, गुळवेल, सदाफुलीची पाने रोज घ्यावीत. बायोप्सी करू नये, तिने कॅन्सर पसरतो. केमो हा हॉस्पिटलांचा धंदा आहे. आणि शेवटी नेहमीचेच: पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

आमच्या घरी हा मेसेज पोहोचला तेव्हा माझ्या नवऱ्याचे रेडिएशन अर्ध्यावर आले होते. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, ऑपरेशन झालेले, आता सोमवार ते शुक्रवार रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा केमो. नणंदेने मेसेज त्याला मोठ्याने वाचून दाखवला. तिची माया मला कळते. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने दूध नाकारले, मग शिरा, मग पेज. मी आग्रह केला तर म्हणाला, ‘तू कॅन्सरलाच खाऊ घालते आहेस.’ हे वाक्य ज्याने घरच्या आजारी माणसाच्या तोंडून ऐकले नाही, त्याने ‘वहिनी, करून पाहायला काय तं नुकसान आहे’ असे मला सांगू नये.

नुकसान काय आहे ते सांगते.

कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, इतके खरे आहे. वॉरबर्गनेच ते दाखवले आणि कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण तुम्ही खाल्ली नाही म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करते, आणि त्यासाठी कच्चा माल लागला की अंगातले स्नायू मोडले जातात. म्हणजे गाठीला तिचा वाटा मिळत राहतो आणि झडतो तो माणूस. मधुमेह असेल तर साखर सांभाळावीच लागते. पण तो मधुमेहाचा हिशेब आहे, कॅन्सर मारण्याचा उपाय नव्हे.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर हा सल्ला सगळ्यात घातक. रेडिएशनच्या वेळी डोके आणि मान जराही हलू नये म्हणून चेहऱ्यावर बेतून प्लॅस्टिकचा जाळीदार मास्क बनवतात. रोज तो टेबलाला घट्ट अडकवतात आणि मिलिमीटरच्या हिशेबाने किरण सोडतात. वजन उतरले की गाल बसतात, मान बारीक होते, मास्क ढिला पडतो. मग पुन्हा सीटी स्कॅन, नवा मास्क, नवे प्लॅनिंग, आणि त्यात दिवस गेले तर उपचारांत खंड. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन जितके लांबते तितका त्याचा गुण कमी येतो, हे कॅन्सरचे डॉक्टर जाणतात, म्हणून एक दिवस चुकला तरी ते चिडतात. आहारतज्ज्ञ म्हणूनच आम्हाला दूध, अंडी, केळी, डाळ, तूप, सातू असे जे गिळता येईल ते घालायला सांगतात. गिळणे थांबले तर नाकातून नळी घालून तेच पोटात सोडायचे. आणि इकडे घरात बसलेला फोन सांगतो, दूध विष आहे.

लिंबाचे तर विचारूच नका. रेडिएशनने तोंडाची आतली कातडी सोलवटून निघते, जिभेवर पांढरे चट्टे येतात, साधे वरणही झोंबते. अशा तोंडात रोज सकाळी लिंबू? ज्याने हे लिहिले त्याने असे तोंड कधी पाहिलेले नाही.

सोड्याबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करते, कारण खोटे मला बोलायचे नाही. रेडिएशन चालू असताना कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या करायला सांगतात. आम्ही दिवसभर करतो, आराम पडतो. पण गुळणी करून थुंकायची असते. रक्ताचा पीएच, म्हणजे ते आम्ल की अल्कलाइन हे सांगणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच राहतो, फुप्फुसे आणि किडन्या तो तिथे धरून ठेवतात. लिंबू किंवा सोडा पिऊन लघवीचा पीएच बदलेल, रक्ताचा नाही. उलट सोड्यातले सोडियम ब्लड प्रेशरवाल्याला आणि किडनीवाल्याला भारी पडते. वॉरबर्गचे नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होते. त्यात लिंबूपाण्याचा संबंध कुठेच नाही.

मला सर्वांत जास्त राग याचा येतो की एवढ्या लांब मेसेजमध्ये, दुधापासून तांदळापर्यंत सगळ्यांवर आरोप असताना, खर्ऱ्याचे नाव नाही. नागपुरात! इथे चौकाचौकात पानठेल्यावर पन्नी चोळून खर्रा घोटत बसलेले लोक दिसतात. सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखू तर आहेच, पण नुसत्या सुपारीलासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकले आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि खर्रा सुरू आहे. माझ्या नवऱ्याच्या त्याच गालात वर्षानुवर्षे खर्रा असायचा. त्याला दूध सोड म्हणणाऱ्या ज्या भाचीजावयाने मेसेज आधी पाठवला, त्यांच्या शर्टाच्या खिशात पुडी असते. भाऊ, सोडायचे असेल तर आधी ती सोडा.

आता औषधी वनस्पती. आयुर्वेदाला मी नावे ठेवत नाही, आमच्याही अंगणात तुळस-गुळवेल आहे. सदाफुलीचेही खरे आहे: व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोची औषधे तिच्यातूनच निघाली. पण थोडेसे औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, मग ते शुद्ध करून, मापून, शिरेतून देतात. चार पाने चावून मात्रा किती गेली हे कुणालाच कळणार नाही. शिवाय ती औषधे प्रत्येक कॅन्सरवर चालत नाहीत. गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. माझ्या नवऱ्याला सिसप्लॅटिन हे केमोचे औषध चालू आहे, ते आधीच किडनीवर ताण आणते. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात तर पाणी कमी पडले तरी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, चढते. त्यात बिनलेबलची भुकटी मी मिसळणार नाही. ज्यांना काही द्यायचेच आहे त्यांनी पुडीसकट ओपीडीत न्यावे आणि डॉक्टरांसमोर उघडावे.

‘चाळीस दिवसांत बरे झाले’ हे उदाहरणही फिरते आहे. नवज्योतसिंग सिद्धू यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्नीचा कॅन्सर आहाराने गेल्याचे सांगितले, त्यावर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सही करून पत्रक काढले की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमो झालेली होती. पुढे सिद्धूंनीही सांगितले की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांच्या जोडीला होता. तेवढा भाग कुणी फॉरवर्ड केला नाही.

आणि ‘सोबत करून पाहा’ म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दोन अभ्यास छापले. पहिल्यात फक्त पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण होते, कॅन्सर दूरवर न पसरलेले, म्हणजे बरे होण्याची चांगली संधी असलेले. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. त्यात तोंडाचा कॅन्सर नव्हता, हे मी लपवत नाही. दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात लोक डॉक्टरांचे उपचार घेत होते आणि जोडीला दुसरेही काही करत होते. तरी मृत्यूचा धोका दुप्पट. कारण शोधले तर सापडले की या लोकांनी पुढचे उपचार जास्त नाकारले: केमो सुचवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी, रेडिएशन सुचवलेल्यांपैकी ५३ टक्क्यांनी. इतरांत हेच आकडे ३ आणि २ टक्के. नाकारण्याचा परिणाम बाजूला काढला तर फरक उरला नाही. म्हणजे हळदीने कुणी मेले नाही, हळदीच्या भरवशावर केमो सोडल्याने मेले. आमच्या घरी दुधापासून सुरुवात झाली होती. त्याच आठवड्यात तो म्हणाला होता, ‘उरलेले रेडिएशन राहू दे का?’

बायोप्सीने पसरण्याचे म्हणाल तर तज्ज्ञांच्या हातून होणाऱ्या बायोप्सीत तो धोका नगण्य आहे, आणि तिच्याशिवाय कुठला कॅन्सर हेच ठरत नाही. यावर जास्त वेळ घालवत नाही.

धंद्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने म्हणते. खर्चाने घरे बुडतात, धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी हॉस्पिटलांची बिले मीही पाहिली आहेत. पण त्यावर उपाय उपचार सोडणे हा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशने, केमो, रेडिएशन येतात. मानेवाडा रोडवरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, आपले मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचे हॉस्पिटल, कुठेही जाऊन आधी योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

नातलगांना मदत करायचीच असेल तर दुपारी रेडिएशनला नेणारी गाडी लागते, मुलीला ट्यूशनवरून आणणारे कुणी लागते. डबा पाठवायचा असेल तर मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, तूप भरपूर, तिखट अजिबात नाही, आणि दूध-साखर घातलेली खीर चालेल.