कारिये ‘जसंच्या तसं’ कधीच नव्हतं

इस्तंबूलच्या सहलींचा हंगाम आला की एक फॉरवर्ड फिरू लागतो. “कोरा चर्च, म्हणजे आजची कारिये मशीद, जस्टिनियन बादशहापासून 1500 वर्षं जसंच्या तसं उभं आहे. मोझेइक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) इटालियन कलाकारांची. 1453 साली शहर घेताच तुर्कांनी मशीद केली, चित्रं खरवडली.” सोबत घुमटाचा फोटो: ‘बायझंटाइन चमत्कार’.

‘जसंच्या तसं’ इथेच गाडी घसरते. मठ त्या जागी फार जुना, कबूल. पण आजच्या वास्तूचा गाभा मारिया दुकेनाचा. ही बायझंटाइन, म्हणजे तुर्कांआधीच्या पूर्व रोमन, सम्राट पहिल्या अलेक्सिओसची सासू. बांधकाम साधारण 1077 ते 1081. चाळीसेक वर्षांत पूर्वेकडची बाजू ढासळली; जमीन उताराची, त्यात शहर भूकंपाचं. मग 1120च्या सुमारास तिच्या लेकीच्या मुलाने, इसाकने, काम पुन्हा हाती घेतलं. कोपऱ्यांत चार जाडजूड खांब, त्यांवर मोठा घुमट. आजीचं चर्च नातवाने असं बदललं. तिसरी पाळी थिओडोर मेटोकाइटिसची. या बड्या मंत्र्याने 1316 ते 1321च्या दरम्यान पुढे दोन ओसऱ्या, उत्तरेला जोडइमारत आणि दक्षिणेला दफनाचं दालन बांधलं. ज्यासाठी लोक तिकडे जातात ती मोझेइक आणि भित्तिचित्रं त्याच्याच वेळची. हा फरक भिंतीतही वाचता येतो. जुन्या बांधकामात विटांचा एकाआड एक थर आत दडवून वर चुना भरलाय, म्हणून दरजा विटांहून जाड दिसतात. मेटोकाइटिसच्या भागात दगड-विटांचे आलटूनपालटून पट्टे आहेत.

इटालियन कलाकार? इटालियन चित्रकार जॉत्तोची पादुआ शहरातली चित्रं 1305च्या आसपासची, म्हणून कुणीतरी जोडलेला हा धागा. कारियेतल्या चित्रांवरची अक्षरं ग्रीक आहेत, आणि त्यांची सख्खी भावंडं त्याच शहरात, पाम्माकारिस्तोस नावाच्या दुसऱ्या चर्चच्या दालनात सापडतात.

मशीद केली तुर्की वजीर अतिक अली पाशाने, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे विजयानंतर सुमारे पन्नास वर्षांनी. मुख्य सभागृहातली बहुतेक मोझेइक गेली, तिथे तीनच उरलीत, हे खरं. पण ओसऱ्यांतली चुन्याखाली झाकलेली होती. खरवडली असती तर 1948 ते 1958 या दहा वर्षांत अमेरिकी तज्ज्ञांनी उघडी काय केली असती?

राहिला फोटोतला घुमट. इसाकचा नाही, मेटोकाइटिसचाही नाही. तो ऑटोमन, म्हणजे तुर्की राजवटीच्या काळातला आहे, आणि लाकडी.