नाकापेक्षा पॅच जड

कोड लिहायच्या एडिटरमध्ये एक कळ दाबली की पॅच (कोडमध्ये काय बदललं ते सांगणारी, दुसऱ्याला आपल्या कोडवर लावता येणारी फाइल) तयार व्हावा, एवढीच माझी अपेक्षा. लग्नाच्या पंगतीत पहिल्या फेरीत पान मिळावं, इतकी साधी.

कळ दाबल्यावर सहसा हाती पडते शून्य बाइटची फाइल. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) बघतं डिस्ककडे आणि आपली दुरुस्ती बसलेली असते विम या एडिटरच्या बफरमध्ये, म्हणजे अजून सेव्ह न झालेली. म्हणून त्या कळीत आधी कोलन-डब्ल्यू-ए (सगळं सेव्ह कर), मग बाकीचं. बाकीचं म्हणजे नुसतं ‘गिट डिफ’ (बदल दाखव) नव्हे, ‘गिट डिफ हेड’ (शेवटच्या नोंदीपासूनचे सगळे बदल दाखव). नाहीतर स्टेज केलेले, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडून ठेवलेले, बदल वगळले जातात. नवी फाइल तर गिटच्या लेखी जन्मलेलीच नसते. तिच्यासाठी ‘गिट ॲड’ला मोठ्या ‘एन’चा पर्याय द्यायचा: बाळ अजून घरी आलेलं नाही, पण रेशनकार्डावर नाव चढलं.

खरा छळ रिकाम्या जागेचा. सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या स्पेस झाडून काढायची सोय बहुतेकांनी हौसेनं लावलेली असते. दुरुस्ती एका ओळीची, पॅच चारशे ओळींचा! तपासणाऱ्यानं त्यात ती एक ओळ शोधायची म्हणजे तांदळातला खडा. डिफला ‘डब्ल्यू’ लावून हा कचरा लपवता येतो, पण मग संदर्भाच्या (बदलाच्या आजूबाजूच्या) ओळी मूळ फाइलशी जुळतीलच असं नाही आणि पॅच लागत नाही. तोच झाडू पॅचच्या फाइलवर फिरला तरी तीच गत. तेव्हा डिफ प्रकारच्या फाइली, म्हणजे पॅच, त्या सोयीतून आधी वगळा. टॅबच्या जागी स्पेस भरणाऱ्या एडिटरलाही पॅचच्या आसपास फिरकू देऊ नका.

पॅच हातानं ‘जरासा’ सुधारणं हे वेगळंच धाडस. पॅचमधल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, ‘@@ -१२,७ +१२,८ @@’, म्हणजे बाराव्या ओळीपासून जुन्या ७, नव्या ८. खालची अधिक चिन्हाची (म्हणजे नवी) एक ओळ उडवली आणि ८ तसेच ठेवले, की गिट ‘करप्ट पॅच’ म्हणून हात वर करतं. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचा डिफ-मोड हा हिशेब स्वतः जुळवतो. विम ढिम्म. त्याच्याकरता पॅच लावणाऱ्या ‘गिट ॲप्लाय’ला ‘रीकाउंट’ (ओळी पुन्हा मोज) सांगावं, किंवा (माझं मत हेच) कोड सुधारून पॅच नव्यानं काढावा.

कळ कुठल्या फोल्डरात फाइल टाकते तेही बघा. प्रकल्पातच टाकत असेल, दरवेळी नव्या नावानं, आणि तुम्हाला ‘गिट ॲड डॉट’ची (फोल्डरातलं सगळंच गिटला द्यायची) सवय असेल, तर पुढच्या पॅचच्या पोटात मागचा पॅच जातो, त्याच्या पोटात आणखी मागचा. कोडच्या ओळीआधी तीन अधिक चिन्हं दिसली, की समजावं, तिसरी पिढी सुखानं नांदते आहे.