सरकारी हायस्कूलविषयी आधी मुलांना विचारा

जून जवळ आला की आमच्या भागात दर वर्षी एकच चर्चा सुरू होते: सातवी झालेल्या मुलाला जवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये घालायचे की नाही. या चर्चेत सर्वांत ठाम मते बहुधा अशा लोकांची असतात, ज्यांच्या घरातील कोणी त्या शाळेत कधी शिकलेले नाही. माझा मुलगा तेथे नववीत आहे. पालक-शिक्षक संघाच्या कामामुळे तेथील मुलांशी आणि पालकांशी माझे सतत बोलणे होते, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. शाळेविषयी मुलांना जे सांगायचे असते ते पालकांच्या बोलण्यात फारसे येतच नाही. म्हणून शाळा सुधारायची असेल तर मुलांचे म्हणणे लेखी घेऊन ते सभेपुढे ठेवले पाहिजे.

पालकांशी बोलताना तीन विषय हमखास निघतात: दहावीचा निकाल, सेमी इंग्रजी आणि मुलांची संगत. यांपैकी निकालाची तुलना मला सर्वांत अन्यायकारक वाटते. शंभर टक्के निकालाचा फलक लावणाऱ्या शाळांपैकी काही शाळा नववीतच कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सुचवतात, हे अनेक पालकांना ठाऊक आहे. असा मुलगा खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसतो आणि त्याचे अपयश शाळेच्या निकालात दिसत नाही. आमची शाळा कोणालाही परत पाठवत नाही. उसतोडीमुळे वर्षातले काही महिने बाहेर राहिलेला मुलगा असो की सहावीपर्यंत तीन शाळा बदललेली मुलगी असो, त्यांना येथे प्रवेश मिळतो आणि त्यांचा निकाल शाळेच्याच नावावर लागतो. ही शाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि नेमकी तीच निकालाच्या आकड्यात उणी बाजू म्हणून दिसते.

मुले मात्र निकालाविषयी क्वचितच बोलतात. गणिताच्या सरांविषयी विचारले तर उत्तर येते, "सर लय भारी शिकवत्यात, पण सारखं निवडणुकीच्या कामाला जात्यात." शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देण्यास मुभा ठेवली आहे, त्यामुळे यात शाळेचा दोष नाही, परंतु बुडालेले तास कधी भरून काढणार, हे शाळेने वर्गाला सांगायला हवे, आणि मुलांची तक्रार नेमकी तेवढीच आहे. दुसरी तक्रार प्रयोगशाळेची. दहावीला विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिक कामाचे असतात, तरीही वर्षातील बहुतेक दिवस प्रयोगशाळेला कुलूप असते आणि परीक्षा जवळ आली की प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेतली जाते. सहायकाचे पद रिकामे आहे, हे कारण खरे आहे. पण पद भरेपर्यंत आठवड्यातून एक दिवस प्रयोगशाळा उघडण्यास कोणाची हरकत असावी, हे मला आजवर समजलेले नाही.

तिसरी गोष्ट मुलींनी संघातील महिला पालकांना सांगितली, आणि ती ऐकून मला फार वाईट वाटले. स्वच्छतागृहात पाणी नसते, म्हणून अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. शाळा चांगली की वाईट यावर वर्षानुवर्षे मते मांडणाऱ्या आम्हा पालकांपैकी एकानेही हा प्रश्न सभेत विचारल्याचे मला आठवत नाही.

सभेला पालक येत नाहीत, असे शिक्षक सांगतात, आणि ते खरे आहे. मात्र सभा कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळीने काम करणारा बाप आणि धुणीभांडी करणारी आई यांनी त्या वेळी एका दिवसाच्या पगारावर पाणी सोडून यावे, अशी अपेक्षा आपण कशी करणार? मग ठरावीक चारजण येतात, सह्या होतात आणि बाकीचे समाधानी आहेत असे गृहीत धरले जाते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करताना मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली होती. त्याच कोल्हापुरात आज पालक मुलांना आपणहून शाळेत पाठवत आहेत. त्यांना सोयीची वेळ देणे एवढे तरी आपण करू शकतो. आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. ही समिती कागदावर न राहता रविवारी सकाळी बसली, तर चित्र पुष्कळ बदलेल.

प्रवेशाचा विचार करणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट येथे लिहितो, कारण ती माहीत नसल्याने नुकसान होते. आठवीत घेतल्या जाणाऱ्या एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतील मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षेतून निवडलेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मात्र ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील, ठरावीक उत्पन्न मर्यादेतील कुटुंबांच्या मुलांसाठीच आहे. केवळ इंग्रजी नावाच्या आकर्षणाने विनाअनुदानित शाळेत गेलेली हुशार, गरजू मुले या शिष्यवृत्तीला मुकतात. आमच्या शाळेतील एक बाई या परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर थांबून मुलांची तयारी करून घेतात, आणि त्याचे कोणतेही जादा मानधन घेत नाहीत. मुलांनीच हे मला सांगितले. पालकांच्या चर्चेत त्या बाईंचे नाव मी एकदाही ऐकलेले नाही.

म्हणून संघातील सर्व पालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की, पुढची सभा रविवारी सकाळी घ्यावी. तिच्याआधी आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाकडून, नाव न लिहिता, शाळेतील एक चांगली गोष्ट आणि एक अडचण कागदावर लिहून घ्यावी. सभेच्या सुरुवातीला इतर कोणताही विषय घेण्याआधी ते कागद वाचून दाखवावेत, आणि स्वच्छतागृहातील पाण्याची सोय व प्रयोगशाळेचा साप्ताहिक दिवस हे दोन निर्णय त्याच सभेत तारखेसह इतिवृत्तात नोंदवावेत. हे कागद गोळा करण्याचे आणि वाचून दाखवण्याचे काम करण्यास मी तयार आहे. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी मला निरोप द्यावा.