‘जाळी’त लॅटिस मावत नाही?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शिक्षक-पालकांमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. इंग्रजी ‘लॅटिस’ला (पट्ट्यांची जाळीदार चौकट, आणि त्यावरून विज्ञान-गणितातल्या काही रचनांचे नाव) मराठीत शब्द नाही, जाळी ही वस्तू मुघलांबरोबर दक्षिणेत आली, जाळी म्हणजे नुसती भोके आणि गणितातला लॅटिस मराठीतून शिकवताच येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान टिकणारे नाही.

शब्द आहे. ‘जाल’ या संस्कृत मूळातून आलेली ‘जाळी’ बोलण्यात आहे आणि ‘जालक’ शास्त्रीय लेखनात. इंग्रजी ‘लॅटिस’सुद्धा लाकडी पट्टी असा अर्थ असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरूनच आला, पट्ट्यांच्या चौकटीचे नाव पुढे स्फटिकातील अणूंच्या मांडणीला मिळाले.

मुघलांचे म्हणाल, तर आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, पट्टदकलच्या आठव्या शतकातील विरूपाक्ष मंदिराला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. कन्नडमध्ये त्यांना ‘जालंध्र’ म्हणतात, म्हणजे तिथेही ‘जाल’च.

‘नुसती भोके’ हा आक्षेप मात्र थोडा विचार मागतो. खानापूरच्या रानातील करवंदाच्या जाळीत भोके मोजत कोणी बसत नाही. तिथे गुंतलेपण महत्त्वाचे असते. स्फटिकाच्या जालकात याउलट एकच मांडणी सर्व दिशांनी नेमकी पुन्हा पुन्हा येते आणि त्रिमितीय अवकाशात अशा मांडणीचे 14 च प्रकार संभवतात. हा नेमकेपणा करवंदाच्या जाळीत नाही, म्हणूनच शास्त्रासाठी ‘जालक’ वेगळा ठेवणे मला योग्य वाटते.

गणितात ज्या क्रमरचनेत (म्हणजे घटकांच्या खाली-वर अशा मांडणीत) कोणत्याही दोन घटकांच्या वर सर्वांत जवळचा आणि खाली सर्वांत जवळचा असा एकेक सामाईक घटक सापडतो, तिला लॅटिस म्हणतात. फ्रेंच गणिती तिच्यासाठी वेली चढवण्याच्या जाळीचाच शब्द वापरतात. 36 चे विभाजक घ्या, आणि ज्या संख्येला दुसरीने पूर्ण भाग जातो ती दुसरीच्या वर मांडा: तळाला 1, वर 2 व 3, मग 4, 6, 9, त्यावर 12 व 18 आणि माथ्यावर 36. ज्याला 2 ने किंवा 3 ने गुणून वरच्या ओळीतली संख्या मिळते, तिथे रेघ जोडा. 12 आणि 18 यांच्या वर लसावि 36 भेटतो, खाली मसावि 6. 4 आणि 9 साठी वर 36, खाली 1. बारा रेघा पूर्ण झाल्या की फळ्यावर चार शंकरपाळी घरांची जाळी उभी राहते, आणि ती काढायला लसावि-मसावि शिकलेल्या मुलाला पाच मिनिटे पुरतात.